एक शब्द, नऊ जागा : ‘सर्कमनॅव्हिगेट’ मराठीत आणताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचनालयासाठी सागरी मार्गांवर १४ फलकांचे प्रदर्शन तयार होत होते. मूळ मजकूर इंग्रजी. त्यावरून मराठी आणि गुजराती असे दोन मजकूर करायचे होते. पाहणारी मुले मुख्यतः सहावी ते नववीची, घरी मराठी आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. मराठी मजकूर संपादनासाठी आमच्या गटाकडे आला तेव्हा पहिला खर्डा पुरा झालेला होता. ‘सर्कमनॅव्हिगेट’ (एखाद्या गोष्टीभोवती जहाजाने फिरणे) हे क्रियापद आणि त्याची रूपे मुळात ९ ठिकाणी होती, आणि खर्ड्यात नऊही ठिकाणी एकच प्रतिशब्द होता : प्रदक्षिणा. दहाव्या एका ठिकाणी मुळात तो शब्दच नव्हता, तिथेही प्रदक्षिणा येऊन बसली होती.

एका मूळ शब्दाला एकच प्रतिशब्द, हा नियम कारभाराच्या भाषेत बरोबर असतो. बडोद्याला त्याची मोठी परंपरा आहे. इथे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या संज्ञांचा आठ भाषांतला कोश निघाला. संज्ञेला ठरलेला शब्द असला की हुकूम आणि निवाडा यांत घोटाळा होत नाही. पण सर्कमनॅव्हिगेट ही अशी संज्ञा नव्हे. तो रोजच्या वापरातला शब्द आहे आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. खर्डा करणाऱ्याने शब्दकोशातला पहिला अर्थ घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. दोष नेमका इथे होता.

शब्दाची घडण पाहू. लॅटिन ‘सर्कम’ म्हणजे सभोवार. ‘नाविगारे’ म्हणजे नाव हाकणे. त्यात ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे चालवणे, हाकणे. म्हणून मूळ अर्थ, एखाद्या गोष्टीच्या सभोवार जहाज नेणे. ती गोष्ट बेट असेल, खंड असेल, अख्खी पृथ्वी असेल. इंग्रजीत पुढे अर्थ सैल झाला. विमानाने पृथ्वीभोवती जाणे, पायी तळ्याभोवती फिरणे, अडचणीला वळसा घालणे, यांनाही तोच शब्द लागू लागला. काटेकोर लिहिणारे पायी फेरीला वेगळा शब्द वापरतात. बाकीचे वापरत नाहीत.

आता मराठीकडे या. ‘परिक्रमा’ या शब्दात ‘क्रम्’ धातू आहे, म्हणजे पाऊल टाकणे. ‘प्रदक्षिणा’ या शब्दात उजवी बाजू आहे : जिच्याभोवती फिरायचे ती गोष्ट उजव्या हाताला ठेवून फिरणे. दोन्ही शब्दांत जहाज नाही. इंग्रजी शब्दात होडी आहे आणि तो पायी चालण्यालाही लावतात. आपल्या शब्दात पाऊल आहे आणि तो आपण जहाजालाही लावतो. म्हणून मराठी वाक्यात जहाज, नौका, गलबत किंवा निदान ‘सागरी’ एवढे तरी एकदा यावेच लागते. इंग्रजीत क्रियापदाने ते काम केलेले असते, त्यामुळे भाषांतरात ते गळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. खर्ड्यातल्या एका फलकावर ‘त्यांनी टास्मानियाला प्रदक्षिणा घातली’ एवढेच होते. गिरनारच्या लीली परिक्रमेला किंवा उत्तरवाहिनी नर्मदेच्या परिक्रमेला घरातले कोणी ना कोणी जाऊन आलेले असते, अशा मुलांनी ते वाक्य वाचले तर माणसे टास्मानियाच्या किनाऱ्याने चालत गेली असेच वाटेल.

सर्वांत मोठी चूक : दलालांना प्रदक्षिणा

फलक ३ वर पोर्तुगिजांनी समुद्रमार्ग का शोधला याचे कारण होते. मसाल्याचा माल अलेक्झांड्रिया आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात जाई, प्रत्येक हातात किंमत चढे. मूळ वाक्याचा आशय असा, की या मधल्या व्यापाऱ्यांना ‘सर्कमनॅव्हिगेट’ करायचे होते. खर्ड्यात आले : ‘पोर्तुगिजांना व्हेनिसच्या दलालांना प्रदक्षिणा घालायची होती.’

मराठीत हा अर्थ थेट उलटा होतो. माणसाला किंवा कचेरीला प्रदक्षिणा घालणे म्हणजे काम व्हावे म्हणून त्याच्या मागेमागे फिरणे, पुन्हापुन्हा उंबरठा झिजवणे. ‘दाखल्यासाठी मामलेदार कचेरीला प्रदक्षिणा घालून चपला झिजल्या’ हे घरोघरी बोलले जाते. इंग्रजी लाक्षणिक अर्थात माणूस त्या गोष्टीपासून दूर राहून पुढे निघून जातो. मराठी लाक्षणिक अर्थात तो तिला चिकटून राहतो. एकाच प्रतिमेतून दोन भाषांनी दोन विरुद्ध अर्थ काढले आहेत. प्रूफ वाचणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी समासात एवढेच लिहिले होते : ‘अहो, यांना तर दलाल नको होते ना?’ प्रश्न अगदी बरोबर होता.

इथे काय घ्यावे? ‘बगल देणे’ चालले असते, पण बगल देण्यात टाळाटाळीचा वास आहे. नियमाला, प्रश्नाला, जबाबदारीला बगल देतात. ‘पळवाट काढणे’ त्याहून वाईट, त्यात लबाडी येते. इंग्रजीत लबाडीने टाळण्याला ‘सर्कमव्हेंट’ हा वेगळा शब्द आहे. दोन्हींची सुरुवात सारखी असल्याने लिहिणारे त्यांची गफलत करतात. मराठीत या जागी एक नेमका, रोजचा शब्द आहे : परस्पर. ‘मधल्या व्यापाऱ्यांना वगळून परस्पर भारतातून माल आणायचा होता.’ वळसा, फेरी, प्रदक्षिणा यांतले काही नाही आणि अर्थ पुरा आला. लाक्षणिक जागी मूळ शब्दाची प्रतिमा सोडून द्यावी, असे आम्ही ठरवले. ती जपायला गेलो की अर्थ हातचा जातो.

मुळात नसलेली दहावी प्रदक्षिणा याच फलकावर, खालच्या ओळीत होती. वास्को द गामाने नोव्हेंबर १४९७ मध्ये केप ऑफ गुड होप ओलांडले आणि मे १४९८ मध्ये तो कालिकतजवळ पोहोचला. मुळात भूशिराला फेरा घेऊन पलीकडे जाण्याचे साधे क्रियापद होते. खर्ड्यात झाले ‘केपला प्रदक्षिणा घालून’. भूशिर म्हणजे जमिनीचे समुद्रात शिरलेले टोक. त्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथीकडे खंड. जहाजाने त्याभोवती पुरे वर्तुळ करणे शक्यच नाही. इथे शब्द एकच : वळसा. ‘आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून.’ वळसा अर्धा असू शकतो, पाव असू शकतो, आणि सुरुवातीच्या जागी परत यावे अशी त्याची अट नाही.

उजवा हात की डावा

फलक ८ ऑस्ट्रेलियाचा. मॅथ्यू फ्लिंडर्स ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून २२ जुलै १८०२ रोजी सिडनीच्या पोर्ट जॅक्सन बंदरातून निघाला आणि ९ जून १८०३ रोजी तिथेच परत आला. वाटेत जहाजाची लाकडे कुजलेली आढळली, म्हणून पुढचे बारीक सर्वेक्षण सोडून त्याने फेरी मात्र पुरी केली. फलकावर नकाशा होता आणि नकाशावर लाल बाण. सिडनीहून बाण पूर्व किनाऱ्याने वर उत्तरेला, मग कार्पेंटेरियाच्या आखातात, तिथून पश्चिमेला तिमोरपर्यंत, मग पश्चिम किनाऱ्याच्या बाहेरून खाली, आणि दक्षिणेकडून पुन्हा सिडनी.

बाणावर बोट ठेवून फिरवून पाहा. उत्तरेकडे तोंड करून पूर्व किनाऱ्याने जाताना जमीन डाव्या हाताला राहते, आणि शेवटपर्यंत डाव्याच हाताला राहते. म्हणजे ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेची आहे. आपल्याकडे डावीकडून फिरणे अपसव्य, ते पितृकार्यात. देवळात कोणी उलटे फिरू लागले तर सहा वर्षांचे पोरही त्याला थांबवते. अशा मुलांसमोर उलटा बाण काढून त्याखाली ‘प्रदक्षिणा’ लिहिणे बरे नव्हते. चौकस मूल विचारणारच, आणि विचारलेच पाहिजे.

आमच्यात इथे मतभेद झाला. एक म्हणणे असे, की प्रदक्षिणा शब्दातला उजवा हात आता झिजला आहे. ‘जगप्रदक्षिणा’ म्हणताना दिशा कोणी पाहत नाही. हे पृथ्वीच्या बाबतीत मान्य करावे लागते. पृथ्वी जहाजाच्या खाली असते, उजवीकडेही नाही आणि डावीकडेही नाही, म्हणून तिथे हाताचा प्रश्नच उरत नाही. बेट किंवा खंड मात्र बाजूला दिसत असतो आणि नकाशात दिशा डोळ्यांसमोर असते. शेवटी हीच सीमा धरली : अख्ख्या पृथ्वीसाठी प्रदक्षिणा चालेल, बेटासाठी आणि खंडासाठी ‘सागरी फेरी’. फलक ८ वर आले : ‘ऑस्ट्रेलियाभोवती जहाजातून संपूर्ण फेरी’.

यातला ‘संपूर्ण’ शोभेचा नाही. मराठीत फेरी म्हणजे नुसती ये-जाही असते. गावाला एक फेरी मारून येतो म्हणणारा गावाभोवती फिरत नाही. टास्मानियाच्या फलकावर तर संपूर्णतेवरच सगळे अवलंबून होते. जॉर्ज बास आणि फ्लिंडर्स १७९८ च्या ऑक्टोबरात ‘नॉरफोक’ या लहान गलबतातून निघाले आणि जानेवारी १७९९ मध्ये परतले. फेरी पुरी झाली म्हणूनच टास्मानिया हे बेट आहे, ऑस्ट्रेलियाला जोडलेला भाग नव्हे, हे सिद्ध झाले. इथे सर्कमनॅव्हिगेट म्हणजे नुसता प्रवास नसून पुरावा आहे. त्याच फलकावर या क्रियापदाचे विशेषण होते. त्यासाठी आम्ही नवा शब्द घडवला नाही, सरळ सांगितले : ‘जहाजाने चहूबाजूंनी फिरता आले, म्हणजे हे बेटच.’

कोणी पुरी केली

मॅगेलनचा फलक सर्वांत सोपा वाटत होता. खर्ड्यातले वाक्य : ‘मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा केली.’ शब्द ठीक, कर्ता चुकला. पाच जहाजे २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या सानलूकार बंदरातून समुद्रात निघाली. मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावरच्या लढाईत मारला गेला. ६ सप्टेंबर १५२२ रोजी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज १८ माणसांसह परत आले, तेव्हा कप्तान होता हुआन सेबास्तियान एल्कानो. मॅगेलन पूर्वी पोर्तुगिजांच्या नोकरीत आफ्रिकेला वळसा घालून मलाक्कापर्यंत आला होता, म्हणून दोन्ही प्रवास जोडून त्याची प्रदक्षिणा पुरी धरावी असेही म्हटले जाते. पण मलाक्का सुमारे १०२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि माक्तान १२४ अंशांवर. मधले २२ अंश उरतात.

प्रदक्षिणा अर्धी सोडली तर ती प्रदक्षिणा होत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. (शंकराच्या देवळात सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचे पाणी वाहून जाण्याची पन्हळ, न ओलांडता मागे फिरतात, पण त्या अर्धवर्तुळाची रीत ठरलेली आहे, तिथे तीच पुरी.) म्हणून वाक्य असे केले : ‘मॅगेलनच्या मोहिमेतल्या व्हिक्टोरिया जहाजाने एल्कानोच्या नेतृत्वाखाली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.’ लांब आहे, पण खरे आहे. वर्तुळ पुरे झाल्याची आणखी एक खूण त्यांच्या दिनांकांत सापडते. जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर उतरल्यावर किनाऱ्यावरच्या लोकांनी आज गुरुवार सांगितले. जहाजावरच्या नोंदीत बुधवार होता. सूर्याच्या दिशेने, पश्चिमेकडे सतत जात राहिल्यामुळे एक अख्खा दिवस मोजणीतून गळाला होता. हा मजकूर मुळात नव्हता. चौकट करून तो घालावा अशी सूचना आम्ही केली आणि वाचनालयाने ती घेतली.

आज विक्रम मोजताना याला अटी आहेत. वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निघाल्या जागी परत यावे लागते, सगळी रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त ओलांडावे लागते आणि मार्ग किमान २१,६०० सागरी मैलांचा लागतो. हा आकडा ३६० अंश गुणिले दर अंशाला ६० सागरी मैल असा येतो. १ सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. विषुववृत्ताची अट नसती तर अंटार्क्टिकाजवळ लहानशी गिरकी घेऊनही सगळी रेखावृत्ते ओलांडता आली असती.

सागर परिक्रमा : नाव आणि अर्थ

भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्यातच परतल्या. मुक्काम फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन, आणि परतीच्या वाटेवर मॉरिशस. मोहिमेचे अधिकृत नाव ‘नाविका सागर परिक्रमा’. विशेषनामाला हात लावायचा नाही, हे उघड आहे. त्यापूर्वी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने केलेली प्रदक्षिणाही याच नावाच्या उपक्रमातली. एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय.

पण नावाखालच्या ओळीत जपून लिहावे लागते. नर्मदा परिक्रमा म्हणजे नर्मदेची परिक्रमा : नदी मध्ये, आपण काठाने. सागर परिक्रमा म्हणजे सागराची परिक्रमा नव्हे. सागरातून केलेली, पृथ्वीची. दोन्ही समासांचे रूप एक आणि नाते वेगळे. नर्मदेला परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतो आणि मुखापाशी, विमलेश्वराहून मिठी तलाईला, नावेतून खाडी ओलांडतो. पाण्याला पायी घातलेल्या फेऱ्यात तेवढा एकच टप्पा नावेचा. तारिणीवर सगळेच नावेत. दुसऱ्या खर्ड्यात ‘त्यांनी सागराला परिक्रमा घातली’ असे होते, ते ‘सागरमार्गे पृथ्वीची परिक्रमा केली’ असे झाले. मत्स्यव्यवसाय मंत्रालयानेही मार्च २०२२ मध्ये कच्छच्या मांडवीहून ‘सागर परिक्रमा’ नावाचा उपक्रम सुरू केला. तो किनाऱ्याकिनाऱ्याने मच्छिमारांना भेटण्याचा होता, पृथ्वीभोवती जाण्याचा नव्हे. गुजराती शाळेतल्या मुलांच्या कानावर ते नाव असू शकते, म्हणून ‘पृथ्वीची’ हा शब्द गाळायचा नाही, अशी टीप मांडणी करणाऱ्याला दिली.

या वाक्यात विभक्तीही पाहा. प्रदक्षिणा घालतात, आणि ती ‘ला’ किंवा ‘भोवती’ : देवळाला प्रदक्षिणा घातली. परिक्रमा करतात, आणि ती ‘ची’ : नर्मदेची परिक्रमा केली. वळसा ‘ला’ घालतात. फेरी ‘भोवती’ मारतात किंवा घालतात. खर्ड्यात एके ठिकाणी ‘प्रदक्षिणा फिरले’ होते. गुजरातीत ‘प्रदक्षिणा फरवी’ म्हणतात, त्यावरून ते आले. बडोद्याच्या बोलण्यात अशी सरमिसळ सहज होते आणि बोलण्यात ती गोडही लागते. फलकावर मात्र घातली हवे.

एक शब्द सरळ काढून टाकला : परिभ्रमण. दुसऱ्या खर्ड्यात कोणीतरी ‘प्रदक्षिणा’ फार वेळा येते म्हणून ‘पृथ्वी परिभ्रमण’ घातले होते. शाळेच्या भूगोलात परिवलन म्हणजे पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि परिभ्रमण म्हणजे सूर्याभोवती. मुलाने वाचले असते, की एल्कानोने पृथ्वी सूर्याभोवती फिरवली.

मांडणीतली चूक छपाईच्या आदल्या दिवशी सापडली. सनबोर्ड २ फूट रुंद, शीर्षक मोठ्या टाइपात, आणि ‘पृथ्वीप्रदक्षिणा’ एका ओळीत मावेना. सॉफ्टवेअरने शब्द तोडला : वरच्या ओळीत ‘पहिली पृथ्वीप्र’, खालच्या ओळीत एकटी ‘दक्षिणा’. लांबून पाहणाऱ्याला भटजींची दक्षिणा दिसावी असे ते शीर्षक झाले होते. उपाय साधा आहे : शीर्षकात ‘पृथ्वी-प्रदक्षिणा’ असे संयोगचिन्ह द्यायचे म्हणजे ओळ तिथेच तुटते, आणि ‘प्र’नंतर आपोआप तुटणे बंद करून ठेवायचे. असे जोडशब्द मांडणीत टाकण्याआधी हे तपासावेच.

फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या, खलाशांचा फलक ११ राहिला होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या नोंदीप्रमाणे इजिप्तचा राजा नेको याने इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास त्यांना तांबड्या समुद्रातून पाठवले, आणि आफ्रिकेभोवती फिरून तिसऱ्या वर्षी ते भूमध्य समुद्राच्या वाटेने परत आले. पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे, टोकापाशी पश्चिमेकडे, मग पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे. बोट फिरवून पाहिले : आफ्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत उजव्या हाताला. टोकापाशी पश्चिमेकडे जाताना सूर्यही आपल्या उजवीकडे होता, असे ते खलाशी सांगत. हिरोडोटसने यावर विश्वास ठेवला नाही; पण विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्याच्या उजवीकडेच. त्या एका तपशिलामुळेच पुढच्या अनेक अभ्यासकांना ही नोंद खरी वाटत आली आहे, सगळ्यांना मात्र नाही. खंडांच्या आणि बेटांच्या फलकांत प्रदक्षिणा हा शब्द इथे, आणि इथेच, ठेवला. छापलेले वाक्य असे : ‘जमीन उजव्या हाताला ठेवून फिनिशियन खलाशांनी जहाजातून आफ्रिकेला प्रदक्षिणा घातली.’